मराठी पेशंटसाठी ‘नेमिंग थेरपी’ अ‍ॅप: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

टॅक्टस थेरपी या कॅनडातल्या कंपनीचं ‘नेमिंग थेरपी’ हे चित्र दाखवून त्याचं नाव सांगायचा सराव देणारं अ‍ॅप इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन भाषांत चालतं. मराठी त्यात नाही. तरीही पक्षाघातानंतर वाचाघात झालेल्या मराठी माणसासाठी एकच अ‍ॅप विकत घ्यायचं असेल, तर आमची पसंती यालाच आहे. कारण एकच: यात आपला फोटो, आपला शब्द आणि घरच्या माणसाचा आवाज घालता येतो. ज्यांना हे घालायला चार-पाच तास काढणं शक्य नाही, त्यांनी हे अ‍ॅप घेऊ नये. आत तयार असलेले इंग्रजी शब्द आयुष्यभर मराठीत बोललेल्या आजोबांच्या कामाचे नाहीत, मग ते बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झालेले का असेनात.

आधी एक खात्री करून घ्या. वाचाघातात शब्द सापडत नाही. समोर किल्ली दिसते, ती कशाला वापरतात हेही कळतं, पण ‘किल्ली’ ओठांवर येत नाही, किंवा ‘कुलूप’ येतं. जीभ-ओठ लुळे पडून बोलणं बोबडं, घोगरं झालं असेल पण शब्द अचूक येत असतील, तर तो वेगळा त्रास आहे आणि त्याला या अ‍ॅपचा काही उपयोग नाही. समोरच्याचं बोलणंच कळत नसेल, भराभर अर्थहीन बोलणं होत असेल, तर नावं सांगायचा सराव सुरुवातीला उलट त्रासाचा होतो. तिथं आधी ऐकून ओळखण्याचं काम करावं लागतं. कंपनीच्या ‘लँग्वेज थेरपी’ या मोठ्या अ‍ॅपमध्ये ऐकणं, नाव सांगणं, वाचणं आणि लिहिणं असे चार भाग एकत्र येतात. मराठी घरासाठी त्यातला नाव सांगण्याचा भाग सगळ्यात वसूल होतो. यातलं काय चाललंय ते वाचोपचारतज्ज्ञाकडून (स्पीच थेरपिस्ट) एकदा तपासून घ्यावं आणि मगच अ‍ॅपकडे वळावं. गिळताना ठसका लागत असेल तर तेही त्याच भेटीत सांगावं. त्यावर अ‍ॅप नाही.

अ‍ॅपमध्ये सराव, वर्णन, चाचणी आणि फ्लॅशकार्ड असे चार कप्पे आहेत. चाचणीचा कप्पा सरळ सोडून द्या. ती चित्रं आणि त्यांची चढती काठिण्यपातळी इंग्रजीच्या हिशेबानं लावलेली आहे; मराठीत मिळालेल्या गुणांना काही अर्थ नाही, आणि कमी गुण पाहून माणूस खचतो. खरं काम सरावाच्या कप्प्यात. चित्र येतं, माणूस नाव सांगायचा प्रयत्न करतो, अडला तर खालच्या बटणांवरून पायरीपायरीनं मदत मिळते: वर्णन, पहिलं अक्षर, अपुरं वाक्य, पहिला ध्वनी, शेवटी पूर्ण शब्द. उत्तर बरोबर की चूक हे माणूस किंवा सोबतचं कुणी बटण दाबून नोंदवतं. आवाज ओळखून गुण देण्याची सोय यात नाही, आणि आम्हाला ती उणीव वाटत नाही. आवाज ओळखणारी यंत्रणा निरोगी उच्चारांवर शिकलेली असते. वाचाघातातला अडखळता ‘पो… पोळपाट’ ती चूक ठरवते, आणि बरोबर बोललेल्या माणसाला चूक म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी टॅब्लेट हातात घेत नाही.

अशा सरावानं होतं किती, याचं सरळ उत्तर ब्रिटनमधल्या ‘बिग कॅक्टस’ चाचणीत आहे. शेफील्ड विद्यापीठाच्या रिबेका पामर आणि सहकाऱ्यांनी २१ सरकारी वाचोपचार केंद्रांतल्या २७८ जणांवर ती केली. निष्कर्ष २०१९ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आले. सगळ्यांना पक्षाघात होऊन किमान चार महिने झालेले होते. एका गटाला ‘स्टेप बाय स्टेप’ नावाच्या संगणकीय कार्यक्रमावर स्वतः निवडलेले १०० शब्द दिले आणि रोज २० ते ३० मिनिटं, सहा महिने सराव करायला सांगितला. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा या गटाची शब्द सापडण्यातली सुधारणा १६.२ टक्क्यांनी जास्त भरली. म्हणजे शंभरातले सोळा-एक शब्द जास्तीचे. पण प्रत्यक्ष संभाषणात फरक पडला नाही. कार्यक्रम वेगळा असला तरी तत्त्व हेच आहे, म्हणून हा निकाल या अ‍ॅपलाही लावून बघावा: ज्या शब्दांचा सराव कराल ते शब्द येतील. ‘बोलणं येईल’ असं कुणी विकत असेल तर ते मानू नका. म्हणूनच कोणते शंभर शब्द, यावर सगळं उभं आहे.

तर शब्द कसे निवडायचे. पुस्तकातली ‘फळे, फुले, प्राणी’ यादी घेऊ नका. पन्नाशी-साठीच्या माणसाला दिवसभरात ‘सिंह’ लागत नाही. लागतात चष्मा, कवळी, गोळी, रिमोट, पंखा, संडास, उशी, चार्जर, पेपर. पहिल्या शंभरात साधारण चाळीस वस्तू हाताशी लागणाऱ्या, पंधरा खाण्यापिण्याच्या, पंधरा माणसं, दहा जागा आणि वीस क्रियापदं असा आमचा ठोकताळा आहे. शब्द घरात बोलतात तोच घाला. घरात ‘चपाती’ म्हणत असतील तर ‘पोळी’ शिकवू नका; विदर्भातल्या घरात ‘आलू’ असेल तर ‘बटाटा’ कशाला? मेंदूत जी वाट आधीपासून पडलेली आहे तीच पुन्हा मोकळी करायची आहे, नवी पाडायची नाही.

माणसांच्या फोटोंत घोळ फार होतो. फोटोखाली ‘पत्नी’, ‘पुत्र’, ‘सून’ असं लिहू नका. पक्षाघाताआधी पेशंट त्या माणसाला ज्या नावानं हाक मारत, तेच लिहा आणि तेच ध्वनिमुद्रित करा. आजी पेशंट असतील आणि त्यांनी नवऱ्याचं नाव जन्मात घेतलेलं नसेल, तर आजोबांच्या फोटोपुढे त्या गप्प बसतील आणि घरचे समजतील की शब्द आला नाही. तिथं उत्तर ‘अहो’ हेच बरोबर. फोटोत एकच चेहरा, मागे कोरी भिंत. लग्नातला घोळक्याचा फोटो कापून लावला की शेजारचा अर्धा खांदा दिसतो आणि त्याचंच नाव येतं.

वस्तूंचे फोटोही आपल्याच घरातल्या वस्तूंचे काढावेत. स्टीलच्या भांड्याचा फोटो खिडकीच्या उजेडात काढला तर त्यात खोली उमटते आणि भांडं ओळखू येत नाही. गडद, बिनचौकड्याच्या चादरीवर ठेवून सावलीत काढा. एका फोटोत एकच वस्तू. ‘चमचा’ हवा असेल तर वाटीसकट नको.

आता मदतीच्या पायऱ्यांबद्दल, कारण मराठी इथं वेगळी वागते. सूचना अ‍ॅपमध्ये भरता येतील तेवढ्या भरा, उरलेल्या वहीत लिहून ठेवा आणि तोंडानं द्या. वर्णनाची सूचना लिहिताना एक अडचण लगेच येते: आपल्या हत्यारांची नावं क्रियापदातूनच आलेली आहेत. लाटणं, किसणी, चाळणी, गाळणं, झाकण. ‘ज्यानं पोळी लाटतात ते’ असं लिहिलंत की निम्मं नाव तुम्हीच सांगितलंत. ज्याला अजून फारसे शब्द येत नाहीत त्याला ही मदत जरूर द्या, ती आपल्या भाषेची देणगीच आहे. पण जरा सुधारलेल्या माणसासाठी वर्णनातून ते क्रियापद काढा: ‘लाकडाचं, गोल, पोळपाटावर फिरवतात’. आणि हिशेबात दोन्ही वेगळे धरा, नाहीतर महिन्याभरानं प्रगती झालीय की सूचना सोपी झालीय हे कळत नाही.

अपुऱ्या वाक्यासाठी तोंडात बसलेल्या जोड्या वापराव्यात. ‘पोळपाट…’ म्हटलं की ‘लाटणं’ येतं, ‘कुलूप…’ म्हटलं की ‘किल्ली’, ‘मीठ…’ म्हटलं की ‘मिरची’. आपोआप येणारं हे बोलणं बऱ्याच जणांत शाबूत राहतं, म्हणून ही पायरी वर्णनापेक्षा जास्त वेळा लागू पडते. मात्र जोडीतला दुसरा शब्दच असा निघतो. ‘पोळपाट’ काढायचा असेल तर वाक्य उलटं रचावं लागतं.

पहिलं अक्षर देताना सुटं व्यंजन देऊ नका. ‘किल्ली’साठी ‘क’ दाखवला तर माणूस ‘क… क…’ करत अडकतो. ‘कि’ द्यायला हवं. अ‍ॅप इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेलं आहे, तेव्हा देवनागरी शब्द घातल्यावर पहिलं अक्षर मात्रा-वेलांटीसकट येतंय का हे दोन-चार शब्दांवर पाहून घ्या. तुटून येत असेल तर ती पायरी बंद ठेवा आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवा. शिवाय च, ज, झ यांची गोष्ट निराळी. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च लिहायला एकच, तोंडाला वेगळे. लिहिलेला ‘च’ दाखवून नुसतं भागत नाही, बोलून दाखवावा लागतो. याच कारणानं फोनमधला तयार यांत्रिक आवाज वापरू नका, हिंदी तर नाहीच; ‘चमचा’ हिंदी वळणानं ऐकू आला की शब्द ओळखीचा वाटत नाही.

ध्वनिमुद्रण घरातल्या अशा माणसाचं घ्या जो सावकाश, स्पष्ट बोलतो. पंखा बंद, कुकर गॅसवर नाही, फोन तोंडापासून एक वीत लांब. शब्द एकदाच, नेहमीच्या सुरात. ‘हं, म्हणा बरं, चष्मा’ असं नको, फक्त ‘चष्मा’. लहान मुलाशी बोलतो तसा लाडिक सूर तर अजिबात नको. वाचाघात झालेल्याची बुद्धी गेलेली नसते, त्याला तो सूर लागतो.

क्रियापदांशिवाय हा सगळा खटाटोप निम्मा वाया जातो, आणि या अ‍ॅपची मोठी मर्यादा इथंच आहे. त्याचा रोख नामांवर आहे. क्रियापदाचा फोटो आपला आपण घालता येतो, पण कुठलं रूप घालायचं? ‘देणे’ कुणी बोलत नाही. आज्ञार्थी रूप घाला: दे, आण, थांब, उघड, लाव, बस, चल. बायको-मुलांशी ‘दे’, डॉक्टरांशी ‘द्या’. आधी घरात जास्त लागणारं. मग दोन कार्डं जोडा: ‘चष्मा दे’, ‘डबा आण’, ‘गोळी कुठंय?’ मराठीत निर्जीव वस्तू कर्म म्हणून आली तर तिचं रूप बदलत नाही, त्यामुळे सरावातला ‘चष्मा’ जसाच्या तसा वाक्यात बसतो. ‘चष्म्याला’, ‘डब्यात’ अशी सामान्यरूपं पहिल्या दोन महिन्यांत मागू नका. ‘डबा’ येऊ लागलेला माणूस ‘डब्यात’ला अडतो आणि आलेलाही शब्द हरवतो. ‘दे’, ‘आण’, ‘कुठंय’ या तीन चौकटींत वस्तूंची सगळी चाळीस कार्डं बसतात. सरावाचा शब्द संभाषणात उतरायचा असेल तर त्याला असं हातानं उचलून न्यावं लागतं. अ‍ॅप ते करत नाही.

मांडणीचंही थोडं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेल्या बऱ्याच जणांचा उजवा हात चालत नाही आणि काहींना उजवीकडचं दिसतही नाही. टॅब्लेट स्टँडवर, तिरका, छातीच्या मध्यापासून किंचित डावीकडे ठेवा. उजव्या कडेचं बटण वारंवार सुटत असेल तर ती ‘चूक’ म्हणून मोजू नका, आधी नजर तपासा. पडदा दहा इंची घ्या, फोनवर हा सराव नको. बोट जड पडतं, दोनदा लागतं, चित्र पुढे पळतं. स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा, नोटिफिकेशन बंद करा, आणि आयपॅडवर ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ किंवा अँड्रॉइडवर ‘अ‍ॅप पिनिंग’ लावा म्हणजे चुकून अ‍ॅपबाहेर पडणं होत नाही. अ‍ॅप एकदा उतरवलं की सरावाला इंटरनेट लागत नाही, ही गावाकडच्या घरांसाठी मोठी सोय आहे. अँड्रॉइड टॅब्लेट असेल तर पैसे भरण्याआधी आपल्या उपकरणावर मिळतं का ते मात्र बघा.

रोजचा सराव २० ते ३० मिनिटांचा, हवा तर दोन भागांत. व्यायामानंतर लगेच नको, जेवणानंतरच्या गुंगीत नको. एका वेळी दहा शब्द. चित्र आलं की मनात दहा आकडे मोजा आणि गप्प बसा. घरच्यांची सगळ्यात मोठी चूक इथं होते: दोन सेकंदांत ‘अहो, कि… किल्ली!’ शब्द आला, पण तो तुमचा. दहा सेकंदांनंतर वर्णन, मग अपुरं वाक्य, मग पहिलं अक्षर, मग पूर्ण शब्द. पूर्ण शब्द द्यावा लागला तर तीनदा सोबत म्हणा, मधे दोन वेगळी कार्डं जाऊ द्या आणि परत विचारा. तीन दिवस ओळीनं मदतीविना आला तर तो शब्द आठवड्यातून एकदा उजळणीला टाका आणि त्याच्या जागी नवा घ्या.

एक शब्द अडकून बसणं हे हमखास होतं. ‘चमचा’ आला की पुढच्या चष्म्यालाही ‘चमचा’, पंख्यालाही ‘चमचा’. ‘नाही, नीट बघा’ म्हणत राहिलात तर तो आणखी घट्ट बसतो. टॅब्लेट पालथा घाला, पंधरा-वीस सेकंद काहीच विचारू नका, पाणी द्या, मग अगदी वेगळ्या जातीचं कार्ड घ्या, शक्यतो माणसाचं. कार्डांचा क्रम लावतानाच एका अक्षराची किंवा एका जागेची दोन कार्डं लागोपाठ येऊ देऊ नका, म्हणजे हे कमी होतं. चुकीचे शब्द लिहून ठेवावेत: ‘किल्ली’ला ‘कुलूप’ म्हणणं आणि ‘पोळपाट’ला ‘पोपट’ म्हणणं या दोन वेगळ्या चुका आहेत, पहिलीत अर्थ शेजारी सरकलाय, दुसरीत ध्वनी. वाचोपचारतज्ज्ञाला ही वही गुणांच्या आकड्यांपेक्षा जास्त सांगते. आणि आधी येत असलेले शब्द एकाएकी सगळे गेले, चेहरा वाकडा झाला, हात पडला, तर सराव-बिराव काही नाही. १०८ ला फोन.

पर्यायांबद्दल थोडक्यात. बॉस्टनचं ‘कॉन्स्टंट थेरपी’ उत्तम बांधलेलं आहे, माणसाच्या कामगिरीप्रमाणे काठिण्य आपणहून बदलतं, लक्ष आणि स्मरणाचेही सराव देतं. पण त्याची ताकद तयार प्रश्नसंचात आहे आणि तो मराठी नाही, वर दर महिन्याचं शुल्क. पेशंट परदेशात मुलाकडे राहतोय, इंग्रजीतच नोकरी केली, व्यवहार इंग्रजीत चालतो, अशा घराला ते जरूर बघावं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झालेलं ‘जेलो’ मराठीत आहे आणि फुकट आहे. ते उपचाराचं अ‍ॅप नाही. चित्रावर बोट ठेवलं की अ‍ॅप बोलतं. मूळ लहान मुलांसाठी असल्यामुळे चित्रांची धाटणी पोरकट वाटते आणि काही वडीलधारे ते बाजूला सारतात. पण शब्द येईपर्यंत ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘नको’ हे सांगता येणं थांबवून ठेवता येत नाही, म्हणून ‘जेलो’ आणि ‘नेमिंग थेरपी’ दोन्ही एकाच वेळी चालू द्यावीत. बोट दाखवून काम भागलं तर बोलणं मागे पडेल, ही भीती बाळगू नका.

‘नेमिंग थेरपी’ची किंमत एकरकमी आहे, मासिक शुल्क नाही. त्यात वाचोपचारतज्ज्ञाचा खर्च धरूनच हिशेब करा: सुरुवातीला एक सविस्तर तपासणी, मग शब्दयादी आणि सूचना पाहून घ्यायला एक भेट, मग महिन्याला एक. ऑनलाइन भेटही चालते, फक्त भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारून घ्या. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथंही वाचा-भाषेची तपासणी होते.

आणि लगेच विकत घेऊ नका. फोनच्या गॅलरीत एक वेगळा अल्बम करा, त्यात घरातल्या दहा वस्तू आणि दोन माणसांचे फोटो घाला, वर सांगितलेल्या पायऱ्या वहीत लिहा आणि आठवडाभर रोज वीस मिनिटं तेवढंच करा. सातपैकी पाच दिवस सराव झाला, माणूस स्वतःहून फोन मागू लागला, तर अ‍ॅप घ्या. दोनच दिवस झाला असेल तर अडचण वेळेची आहे की थकव्याची, ती आधी सोडवा आणि मगच उरलेले अठ्ठ्याऐंशी फोटो काढायला बसा.